विषय: ऑफिस पार्कच्या जागी अपार्टमेंट, गुरुवारची सुनावणी

नमस्कार मंडळी,
हायवेलगतच्या रिकाम्या ऑफिस पार्कचा अर्ज गुरुवारी आपल्या टाउनशिपच्या (गावाच्या) प्लॅनिंग बोर्डापुढे, म्हणजे बांधकामाचे अर्ज तपासणाऱ्या मंडळींपुढे, येतोय. अपार्टमेंट होणार, त्यांतली काही ‘अफोर्डेबल’. शाळा आधीच भरलेल्या, सकाळचं ट्रॅफिक तर विचारूच नका. व्हॉट्सअ‍ॅपवर सह्या गोळा होताहेत. आपल्या मराठी मंडळाच्या लेटरहेडवर विरोधाचं पत्र देता येईल का?

---

ताई, पत्राचा उपयोग शून्य. न्यू जर्सीत बोर्डाची सुनावणी जवळपास कोर्टासारखी चालते. म्हणणं शपथेवर मांडायचं, आणि अर्जदाराचा वकील उलटतपासणी घेऊ शकतो. सह्यांच्या कागदाची उलटतपासणी कशी घेणार? म्हणून बोर्ड तो सहसा पुराव्यात धरतच नाही.

शिवाय ‘घरं हवीत की नकोत’ हा गुरुवारचा प्रश्नच नाही. गावाच्या कौन्सिलने झोनिंगचा ऑर्डिनन्स, म्हणजे कुठल्या जागेवर काय बांधता येईल तो नियम, बदलला तेव्हाच तो निकालात निघाला. त्या रात्री सभागृहात खुर्च्या रिकाम्या होत्या. आणि कौन्सिलचेही हात बांधलेलेच. राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या 1975 आणि 1983 च्या माउंट लॉरेल निकालांपासून प्रत्येक गावाला आपल्या वाट्याच्या परवडणाऱ्या घरांना जागा द्यावीच लागते. 2024 च्या कायद्यानुसार पुढच्या 10 वर्षांचे आराखडे 30 जून 2025 पर्यंत द्यायचे होते. जे गाव टाळाटाळ करतं त्याचं कायदेशीर संरक्षण जाऊ शकतं, मग बिल्डर कोर्टातून आपल्या सोयीचं झोनिंग पदरात पाडून घेतो.

अर्ज नियमात बसत असेल, तर शाळेत मुलं वाढतील एवढ्यावर बोर्ड तो फेटाळू शकत नाही. पण पावसाचं पाणी कुठे जाणार, गाड्या कुठून आत-बाहेर करणार, स्कूल बस कुठे थांबणार, कुंपणालगत झाडं किती, हे सगळं विचारता येतं आणि त्यावर अटी घालून घेता येतात. 2021 मध्ये आयडा वादळात तळघरं भरली होती, म्हणून पाण्याचा प्रश्न तर विचाराच. नकाशे सुनावणीच्या 10 दिवस आधीपासून कार्यालयात पाहायला ठेवावेच लागतात. म्हणजे आत्ता आहेत.

आणि ग्रुपवर ‘तसली माणसं येतील’ असं कुणीतरी लिहिलंय. या घरांसाठीची उत्पन्नाची मर्यादा विभागाच्या मध्यक (मीडियन) उत्पन्नाच्या 80 टक्क्यांपर्यंत जाते. आपल्या मुलांना डे-केअरमध्ये सांभाळणाऱ्या बायका त्यात बसतात. बोलताना भान ठेवा.

---

काका, मग देवळाच्या परवानगीच्या वेळी बोर्डाच्या 5 मतांसाठी एवढी धावपळ का झाली होती? तिथे तर लोकांच्या विरोधावर बरीच चर्चा झाली.

---

तो बोर्ड वेगळा, झोनिंग बोर्ड ऑफ अ‍ॅडजस्टमेंट. झोनमध्ये परवानगी नसलेला वापर मागायचा, तर तिथे 7 पैकी 5 होकार लागतात. म्हणून तिथे एकेका सदस्याला पटवावं लागलं. इथे वापर मंजूरच आहे, साधं बहुमत पुरतं.

---

समितीतर्फे: मंडळ पत्र देणार नाही. ज्यांच्या घराची हद्द त्या जागेपासून 200 फुटांच्या आत आहे त्यांना नोटीस आली असेल, त्यांनी ती या यादीवर टाकावी. ड्रेनेजचा नकाशा वाचू शकणारं कुणी आहे का?

---

मी वाचते. स्टॉर्मवॉटरचंच, म्हणजे पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचंच, काम करते. उद्या दुपारी कार्यालयात जातेय. कुंपणाजवळ राहणाऱ्या एखाद्याने बरोबर या, पाणी नेमकं कुठे साचतं ते तुम्हीच दाखवा.