योगवर्गासाठी ध्वनिमुद्रित नामजप: क्लिकवर बांधलेल्या गजराला भजन म्हणावं का?

पेडण्याचा पखवाजी (धागाकर्ता)
गेल्या डिसेंबरात मांद्रेच्या एका स्टुडिओत वाजवायला गेलो होतो. योगवर्गात लावण्यासाठी नामजपाचा अल्बम होत होता. मागे तंबोऱ्याचं ॲप, सिंथचा (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा) लांब स्वर, थोडी बासरी आणि सगळ्यांच्या कानात क्लिक, म्हणजे ठरलेल्या लयीची यांत्रिक टिकटिक. विठ्ठलनामाचा गजर बारा मिनिटं एकाच लयीत. आमच्या देवळात गजर संथ सुरू होतो, मंडळी धृपद (पालुपद) उचलतात, टाळ भरतात आणि लय आपसूक चढते. लग्गी, म्हणजे जलद लयीतलं वादन, कधी लावायची ते मला समोरच्यांच्या तोंडाकडे बघून कळतं. इथे दोनदा लय चढली म्हणून दोन्ही टेक टाकून दिले. कोरस म्हणून एकाच गायकाचा आवाज सहा वेळा घेऊन एकावर एक चढवला.
माझं भांडण सिंथशी नाही. ज्या गजराला उलट साद द्यायला कोणी नाही, त्याला भजन कसं म्हणायचं? तुम्हांला काय वाटतं?

हरमलची योगशिक्षिका
मला हे पटत नाही. शवासनात लय चढली की श्वासही चढतो. मला एकसारखीच लय लागते, तिचं कामच वेगळं आहे. माझ्या वर्गात रशियातून, मुंबईतून मुली येतात. नामस्मरण त्यांच्या कानी पहिल्यांदा पडतं ते अशाच ध्वनिमुद्रणातून. त्यांतल्या दोघी पुढे माझ्याबरोबर देवळात भजनाला येऊन बसल्या. ही वाट बंद करायची का?

कवळ्याचे भटजी
लयीपेक्षा माझी तक्रार स्वरांची आहे. गायत्री मंत्र ऋग्वेदातला, तिसऱ्या मंडलातल्या ६२व्या सूक्ताची १०वी ऋचा. तिला उदात्त, अनुदात्त, स्वरित हे उच्चाराचे चढउतार ठरलेले आहेत. या अल्बमांत तिला गोड चाल लावतात आणि ते स्वर पुसले जातात. वेदपठण युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे ते याच मौखिक काटेकोरपणामुळे. अभंगाला, नामाला हवी ती चाल लावा. वेदमंत्राला नको.

पर्वरीचा साउंडवाला
पेटी तरी आपली कुठे होती? युरोपातून आली. १९४० साली रेडिओने तिच्यावर बंदी घातली, ती १९७१पर्यंत टिकली. आज पेटीशिवाय भजन कोण लावतं? पं. रविशंकरांनी १९९७ साली जॉर्ज हॅरिसनला निर्माता घेऊन 'चँट्स ऑफ इंडिया' केला. आधुनिक मुद्रण आणि आपले मंत्र यांचं जमू शकतं.
क्लिक बऱ्याचदा पैशांसाठी लावतात. एक वादक सोमवारी येतो, दुसरा शुक्रवारी. क्लिक नसेल तर तुकडे जुळत नाहीत. सगळे एका खोलीत बसले तर त्याची गरजच नाही. ऑटोट्यून, म्हणजे सूर आपोआप दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर, मात्र मलाही खुपतो, कारण तो मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कापतो.

कवळ्याचे भटजी
त्या अल्बमातही मंत्रांना चालीच लावल्या आहेत. कलाकार थोर होते म्हणून माझा आक्षेप मागे घेत नाही.

पेडण्याचा पखवाजी
साउंडवाले, पेटीचा दाखला इथे लागू पडत नाही. पेटीवाला गायकासाठी थांबतो. बुवांनी एखादी ओळ परत घेतली तर तोही परत घेतो. क्लिक कोणासाठी थांबत नाही.

वास्कोची लेक
आमच्या घरी श्रावणात दामोदराच्या सप्ताहाला गेल्याशिवाय चैन पडत नाही. प्लेगच्या दिवसांपासून चालत आलेलं, २४ तास अखंड भजन. बाबा दरवर्षी पारात, म्हणजे सप्ताहातल्या भजनी मंडळीत, गायचे. शेवटची दोन वर्षं ते अंथरुणाला खिळले होते. मी मोबाइलवर गजर लावायची. असाच स्टुडिओतला, सिंथ घातलेला. ते डोळे मिटून प्रत्येक धृपद उचलायचे. आवाज फुटत नव्हता, ओठ हलायचे. पखवाजीदादा, साद द्यायला कोणी नाही म्हणता, आमच्या खोलीत होतं.

पेडण्याचा पखवाजी
ताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. ही बाजू मी धरलीच नव्हती. पण बाबांना धृपद कुठे उचलायचं हे ठाऊक होतं, कारण ते आयुष्यभर पारात बसले होते. ज्याने देऊळ पाहिलेलं नाही त्याला ध्वनिमुद्रणाने तेवढी जागा तरी ठेवावी. गायकाने ओळ म्हणावी, मग पुढची ओळ येईपर्यंत नुसते टाळ आणि तंबोरा. ऐकणाऱ्याने ती ओळ म्हणावी. मांद्रेच्या अल्बमात ही जागा सहा आवाजांनी भरून टाकली होती.

हरमलची योगशिक्षिका
जागा सोडलेलं ध्वनिमुद्रण मी उद्यापासून लावीन. चढती लय मात्र शवासनात नकोच, बसून म्हणायच्या वेळी चालेल.

पर्वरीचा साउंडवाला
माझ्या खोलीत आठ माणसं बसतात. मंडळ घेऊन या, क्लिक लावणार नाही. पखवाजाला वेगळा माइक देतो. लय चढली तर चढू दे.

पेडण्याचा पखवाजी
आमचे टाळकरीच नऊ आहेत. खिडक्या उघड्या ठेवून देवळातच का घेऊ नये? पाखरांचा आवाज येईल, पण ते रोजच असतात.