विषय: कोजागिरी कट्टा: मंदारच्या क्लिप्सचं काय? (गुरुवारपर्यंत हवं)

प्रेषक: संध्या (कार्यक्रम समिती), रवि. १३ ऑक्टोबर २०२४

मंडळी,
काल सोनं वाटता वाटता जे सुरू झालं ते पार्किंग लॉटपर्यंत चाललं, म्हणून इथे लिहिते. शनिवारी १९ तारखेला कोजागिरी. ‘राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार आणि स्पॅनिश टीव्ही-रेडिओ’ हा मंदारचा पस्तीस मिनिटांचा विषय जुलैतच ठरलाय, फ्लायरही गेलाय. विलास म्हणतो क्लिप्स नकोत. मंदार म्हणतो क्लिप्स नसतील तर मग मी नुसतं दूधच प्यायला येतो. प्रोजेक्टर मला शुक्रवारी सकाळी उचलायचाय, भाडं पंचेचाळीस डॉलर. हो की नाही तेवढं कळवा. आणि कृपा करून २०२१ चं उकरू नका.

प्रेषक: विलास (खजिनदार)

२०२१ चं उकरत नाही, पण ते पत्र अजून माझ्याच फाइलमध्ये आहे हे लक्षात असू द्या.

आपण ५०१ सी ३ (करमुक्त संस्था) आहोत. कुठल्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करायचा नाही, हा नियम १९५४ पासूनचा आहे. सोमवारी २१ ला टेक्सासमध्ये अर्ली व्होटिंग सुरू होतंय आणि शनिवारी आपल्या पडद्यावर कुणीतरी ‘मला मत द्या’ म्हणतंय, भले स्पॅनिशमध्ये का असेना. फोटो फेसबुकवर जायला किती वेळ लागतो? मंदारबद्दल व्यक्तिशः काही नाही.

प्रेषक: मंदार

विलास, प्रचार आणि प्रचाराबद्दल बोलणं यात फरक आहे की नाही?

पहिली क्लिप १९६० ची आहे. उमेदवार जॉन केनेडींच्या पत्नी जॅकी कॅमेऱ्यात बघून ‘केरीदोस आमीगोस’ (प्रिय मित्रांनो) म्हणतात, जेमतेम एक मिनिट बोलतात आणि शेवटी ‘के विवा केनेडी’. गळ्यात मोत्यांची माळ, बसल्या जागेवरून एक इंच हलत नाहीत, पाठ केलेलं म्हणतायत हे कळतं, पण उच्चार बरे आहेत. या बाईंना मत देऊन आता कोण कुणाला निवडून आणणार आहे?

आणि हा विषय आपल्या गावाचाच आहे हो. देशातलं पहिलं स्पॅनिश टीव्ही स्टेशन १९५५ साली इथे सॅन अँटोनिओत निघालं, केसीओआर. राऊल कोर्तेझ यांचं. १९४६ पासून त्यांचा रेडिओ होताच. तेच टीव्ही स्टेशन पुढे केडब्ल्यूईएक्स झालं आणि त्याच्याभोवती जे जाळं उभं राहिलं ते आजचं युनिव्हिजन. जाहिरातवाले लायोनेल सोसासुद्धा इथलेच. १९७८ मध्ये त्यांनी जॉन टॉवरच्या सिनेटच्या जाहिराती स्पॅनिश घरांपर्यंत नेल्या, टॉवर बारा हजारांच्या आसपास मतांनी कसेबसे निवडून आले, आणि मग रेगन, बुश सगळे याच माणसाकडे. आपण इथे वीस-वीस वर्षं राहून रिव्हरवॉकच्या पुढे जात नाही.

मी फीनिक्सला चार वर्षं स्पॅनिश रेडिओवर जाहिरातींच्या वेळा विकल्या आहेत, त्यामुळे ऐकीव सांगत नाही. टेक्सासमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या जाहिराती फारशा दिसत नाहीत, कारण निकाल धरलेला असतो. पैसा ॲरिझोना-नेवाडात ओततात. मतदानाआधीचे साठ दिवस स्टेशनला उमेदवाराकडून सगळ्यात कमी दरच घ्यावा लागतो, आणि आमच्याकडे बहुतेक मंडळी बरोबर त्या साठातल्याही शेवटच्या वीस दिवसांत उगवायची. स्क्रिप्ट इंग्रजीतून भाषांतर केलेलं. स्पॅनिश वाक्य लांबतं, तीस सेकंदांचा मजकूर सदतीसवर जायचा, आणि आमचा निवेदक बिचारा मुंबई लोकलमध्ये स्टेशनांची नावं घ्यावीत तसा धडधड वाचायचा. त्यात ‘हा संदेश मला मान्य आहे’ हे उमेदवाराने स्वतःच्या आवाजात म्हणायचं, २००२ च्या कायद्याने. एक साहेब (नाव नाही सांगत, काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, उभे होते) ‘आप्रुएबो’वर (‘मान्य आहे’वर) अकरा वेळा अडकले. अकरा टेक!

विकणाऱ्याच्या बाजूने बघितलेलं मला हेच सांगायचंय. जाहिरातीत उमेदवार स्पॅनिश बोलतो. स्पॅनिश बोलणाऱ्याचा प्रश्न ऐकून घ्यायला बसतो का, ते वेगळं. परवा बुधवारी रात्री युनिव्हिजनवर ट्रम्प आहेत, मायामीहून. मिल्टन वादळामुळे पुढे ढकललेला कार्यक्रम. हॅरिस लास व्हेगासला १० तारखेला बसल्या. दोन्ही बघा, मग शनिवारी या.

प्रेषक: प्रकाश

बुधवारी खरी कोजागिरी आहे. आपण शनिवारी करतोय हे ठीक, पण दूध किती? मागच्या वेळी चार गॅलन उरलं आणि ते माझ्या फ्रीजमध्ये आलं. केशर भारतातून आणलेलं आहे, त्याचे पैसे कोण देणार? ओट मिल्कवाले सहा जण आहेत, त्यांचं पातेलं वेगळं.

प्रेषक: अण्णा

प्रकाशराव, दूध आटवायला घेतलं की पुरतं. गेल्या वेळी आटवलंच नव्हतं.

मंदार, फोर्डचं घे. १९७६ चा एप्रिल, मी नुकताच इथे शिकायला आलेला. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड इथल्या जुन्या अलामो किल्ल्याला आले, कुणीतरी हातात तमाले दिलं आणि साहेबांनी ते मक्याच्या सालीसकट चावलं! म्हणजे हळदीच्या पानासकट पातोळी खावी तसं. माझा रूममेट इथलाच मेक्सिकन, तो फोटोचा पेपर महिनाभर दाराला चिकटवून होता. मे महिन्यात टेक्सासची प्रायमरी (पक्षातली उमेदवारीची लढत) रेगनने मारली, नोव्हेंबरात राज्य कार्टरकडे गेलं. सालीमुळे गेलं असं मी म्हणत नाही. पण इतक्या माणसांत एकालाही ‘साहेब, साल काढा’ म्हणावंसं वाटलं नाही, हे मला आजही नवल वाटतं.

प्रेषक: नेहा

अण्णा, ही गोष्ट आमच्या घरी दर नाताळात तमाले करताना होते. 😄

माझा मुद्दा वेगळा. फ्लायरवर ‘हिस्पॅनिक मतदार’ असं एकगठ्ठा का? माझ्या सासरचे इथल्या वेस्ट साइडचे, पाच पिढ्या टेक्सासात. सासऱ्यांना शाळेत स्पॅनिश बोललं म्हणून पट्टीने मारायचे, म्हणून त्यांनी मुलांशी इंग्रजीच धरलं. नवऱ्याचं स्पॅनिश आपल्या मुलांच्या मराठीसारखं: कळतं सगळं, उत्तर इंग्रजीत. आपल्या गावचे हुलियान कास्त्रो २०२० च्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेही अस्खलित बोलत नाहीत, आणि त्याच शर्यतीत बेटो ओ’रूर्क मायामीच्या डिबेटमध्ये धडाधड स्पॅनिश झाडत होते. मग स्पॅनिश चॅनलवर जाहिरात टाकून माझ्या नवऱ्यापर्यंत कोण पोचतं? मायामीचा क्यूबन वेगळा, ऑर्लँडोचा पोर्तोरिकन वेगळा.

सासूबाई मात्र युनिव्हिजनच्या बातम्या चुकवत नाहीत. तिथले निवेदक होर्हे रामोस वर्षअखेर सोडतायत हे ऐकून दोन दिवस घरात सुतक होतं. २०१५ मध्ये हिलरींच्या प्रचारवाल्यांनी ‘हिलरी तुमच्या आबुएलासारखी कशी’ अशी यादी काढली होती, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘माझ्या नातवंडांना आजी आहे, ती स्वयंपाकघरात उभी आहे.’

प्रेषक: विलास

नेहा, फ्लायर समितीने पास केलाय, शब्द आता बदलणार नाही. आणि मूळ प्रश्न क्लिप्सचा होता. मंदारने यादी द्यावी. दोन्ही पक्षांना सारखी मिनिटं हवीत.

प्रेषक: मंदार

यादी घे:
जॅकी, १९६०.
धाकट्या बुशचं स्पॅनिश, २०००.
सप्टेंबर २०१२, मायामी विद्यापीठ. रामोस ओबामांना तोंडावर विचारतात, पहिल्या वर्षात इमिग्रेशनचं बिल आणतो म्हणालात, आणलं नाहीत, दिलेला शब्द तो शब्द. आदल्या दिवशी त्यांचे प्रतिस्पर्धी रॉमनी त्याच खुर्चीत होते, तेही घेतोय.
फेब्रुवारी २०१६, साउथ कॅरोलायना, रिपब्लिकन इच्छुकांची डिबेट. क्रूझ म्हणतात रुबिओ युनिव्हिजनवर स्पॅनिशमध्ये एक बोलले आणि इथे एक बोलतायत. रुबिओ म्हणतात, याला कसं कळलं, याला स्पॅनिश येत नाही. त्यावर क्रूझ तिथेच स्पॅनिशमधून सुरू होतात. सगळ्या यादीत माझी आवडती हीच, कारण दोन भाषांत दोन आश्वासनं हा खरा रोग आहे आणि तो तिथे चारचौघांत बाहेर पडला.

प्रेषक: विलास

क्रूझ नाही. या नोव्हेंबरात सिनेटसाठी ते आपल्याच मतपत्रिकेवर आहेत.

प्रेषक: मंदार

अरे पण ती २०१६ ची क्लिप आहे, आणि समोरून रुबिओ त्यांना टोमणा मारतायत!

प्रेषक: विलास

मग तर ते उमेदवाराच्या विरोधात झालं.

प्रेषक: अण्णा

विलास, तू मुलकी परीक्षा द्यायला हवी होतीस.

ते २०१६ चं ‘अबकी बार ट्रम्प सरकार’ आठवतं का? हिंदीत जाहिरात, आपल्या लोकांनी दिवाळीभर फॉरवर्ड केली. मराठीत कुणी मागितलं का मत? माझ्याकडे तर अजून कुणी आलं नाही.

प्रेषक: नेहा, गुरु. १७ ऑक्टोबर

काल सासूबाईंबरोबर ट्रम्प बघितले. प्रश्न स्पॅनिशमध्ये, ट्रम्पना तो कानात इंग्रजीत, त्यांचं उत्तर आम्हाला वरून स्पॅनिशमध्ये. कॅलिफोर्नियात शेतात राबलेल्या एकाने विचारलं, या लोकांना घालवलंत तर ही कामं कोण करणार आणि अन्न किती महाग होणार. उत्तर दुसरीकडेच गेलं. सासूबाईंनी प्रश्न संपल्यावर आवाज बंद केला, म्हणाल्या आता चेहरा बघू. १० तारखेला हॅरिसच्या वेळी एक मुलगी आईबद्दल बोलताना रडली तेव्हाही त्यांनी असंच केलं होतं. मंदार, आवाज बंद करून एक क्लिप दाखवता येईल का? विलासदादांनाही चालेल.

प्रेषक: संध्या

पुरे. क्रूझ कापा, आवाजासकट. २०२४ मधलं काहीही नको, या वर्षी मतपत्रिकेवर असलेलं कुणीही नको. बाकी क्लिप्स घ्या, विलास घड्याळ लावून बसेल. मंदार, क्रूझ-रुबिओ तू तोंडी सांग, नक्कल करू नकोस.
प्रकाश, सहा गॅलन, आटवून. केशराचं बिल विलासकडे.
मंदार, तुझ्या लॅपटॉपला तो जुना चौकोनी पोर्ट आहे का? मागच्या वेळी केबल बसली नव्हती.

प्रेषक: प्रकाश

आटवून सहा की आटवायच्या आधी सहा?