रात्री दहानंतरचे हेडफोन, शंभरेक युरोत

प्रेषक: वि., श्टुटगार्ट

नमस्कार मंडळी,

रात्री दहानंतर घरी ऐकण्यासाठी क्लोज्ड-बॅक (कपाची मागची बाजू बंद असलेले) हेडफोन घ्यायचे आहेत. बजेट शंभर युरो, फार तर सव्वाशे. ऐकणं मुख्यतः शास्त्रीय गायन आणि नाट्यसंगीत, लॅपटॉपवरून नाहीतर फोनवरून, कधीमधी टीव्ही. आवाज अगदी हळू, कारण त्याच खोलीत बाळ झोपतं. चष्मा आहे. दुकानदार म्हणतो नॉइज कॅन्सलिंगच घ्या. खरंच लागतं का?

– वि.


प्रेषक: श. काका, हाइलब्रॉन

नॉइज कॅन्सलिंगचा विचार सोडून द्या. ते विमानाची, आगगाडीची घरघर मारण्यासाठी आहे. रात्री अकराला बंद खोलीत मारायला आवाजच नसतो. उलट स्वस्तातल्या कॅन्सलिंगची स्वतःची बारीक सूं येत राहते आणि आलापात गायक थांबला की नेमकी तीच कानात भरते. शंभर युरोत ते पैसे ड्रायव्हर (कपातला आवाज काढणारा छोटा स्पीकर) आणि पॅडवर गेलेले बरे.

दुकानात हेडफोन मोठ्या आवाजात ऐकवतात, फसगत तिथेच होते. आवाज हळू केला की आपल्या कानाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ साली मोजून दाखवलं. आज आयएसओ २२६ या आंतरराष्ट्रीय मानकात त्याचे तक्ते आहेत. १००० हर्ट्झचा सूर ८० डेसिबलवर असेल, तर १०० हर्ट्झचा सूर तेवढाच मोठा वाटायला सुमारे ९२ डेसिबल लागतात, म्हणजे १२ जास्त. तोच १००० चा सूर ४० वर आणला की १०० हर्ट्झला ६४ लागतात, म्हणजे २४ जास्त. थोडक्यात, बाळासाठी आवाज एवढा उतरवलात की डग्ग्याचा घुमारा आणखी १२ डेसिबलने मागे जातो. तबल्याची चाट ऐकू येते, डग्गा गायब. रेकॉर्डिंग वाईट आहे असं वाटतं, पण तो कानाचा हिशेब असतो.

म्हणून दुकानात ‘बास जरा जास्तच आहे’ असं वाटणारा हेडफोन रात्री घरी सरळ वाटतो. आणि ‘एकदम फ्लॅट’ (कुठलाच सूर न वाढवणारा) म्हणून नावाजलेला पत्र्याच्या डब्यासारखा.

या हिशेबाने माझी पहिली पसंती बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो, ८० ओहमवाला (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा). (गावचा माल म्हणून सांगत नाही, कंपनी मुळात १९२४ ची बर्लिनची, इथे १९४८ मध्ये आली.) खालचा बास भरपूर, वजन २७० ग्रॅम, पॅड मखमली. चष्म्याची काडी कानामागे जाते तिथे मखमल तिच्याभोवती बसते, डोक्यावर दाबही कमी. दोष दोन. वर ८–९ हजार हर्ट्झच्या आसपास आवाज टोकदार आहे, त्यामुळे झांज, चिपळ्या आणि ‘स’ टोचतात. आणि ३ मीटरची केबल कपातून सुटी होत नाही.

तेवढे पैसे नसतील तर ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम४०एक्स. याची केबल सुटी होते, पण २.५ मिलिमीटरच्या पिनेला फिरवून बसणारं कुलूप आहे. बाजारातली प्रत्येक २.५ ची केबल त्या भोकात जातेच असं नाही, तेवढं बघून घ्या. आणखी स्वस्तात एम२०एक्स. १९० ग्रॅमचा, डोक्यावर आहे की नाही कळत नाही, पण पॅड उथळ. कान मोठे असतील तर पाळी आत टेकते आणि तासाभरात दुखायला लागते.

सेनहायझर एचडी २८० प्रो बाहेरचा आवाज उत्तम अडवतो, मात्र चष्म्यावर चिमट्यासारखा बसतो. नवा आणला की डोक्यापेक्षा जरा रुंद पुस्तकांच्या गठ्ठ्यावर दोन-तीन रात्री ताणून ठेवतात. फरक पडतो, पण चष्मेवाल्याने त्या वाटेला जाऊच नये.

– श.


प्रेषक: मी. ताई, म्युनिक

काका, बासबद्दल मान्य. पण रात्री हळू ऐकणाऱ्याची पहिली अडचण वेगळीच असते: आवाज पुरेसा खाली जातो का? सगळे जण ‘हा हेडफोन वाजवायला अॅम्प लागेल का’ (अॅम्प म्हणजे सिग्नलचा जोर वाढवणारी पेटी) एवढंच विचारतात.

कंपन्या संवेदनशीलता (दिलेल्या विजेवर आवाज किती मोठा होतो ते) एका मिलिवॉटला देतात, फोन आणि लॅपटॉप मात्र व्होल्टमध्ये बोलतात. रूपांतर सोपं आहे: १००० ला ओहमने भागायचं, त्याचा लॉगरिदम १० ने गुणायचा आणि तो दिलेल्या आकड्यात मिळवायचा. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासूनचा स्टुडिओतला घोडा. १०६ डेसिबल, ६३ ओहम. म्हणजे एका व्होल्टला ११८. एम४०एक्स ९८ डेसिबल, ३५ ओहम. ११२ च्या वर. डीटी ७७० कंपनीच्या आकड्याप्रमाणे ९६. ८० ओहमला १०७, २५० ओहमला १०२. नॉब त्याच जागी ठेवून ७५०६ च्या जागी २५० ओहमवाला लावलात तर आवाज १६ डेसिबलने उतरतो.

फोनवर याचा अर्थ असा. अँड्रॉइडमध्ये आवाजाचे मूळचे साधारण १५ टप्पे असतात. ७५०६ लावला की पहिला टप्पाच रात्रीसाठी पुरेसा, कधी जास्तच, आणि दुसऱ्यावर उडी. मधलं काही नाही. जुन्या लॅपटॉपच्या जॅकमधली खरखरही तो इमानदारीने ऐकवतो. त्यामुळे आवाज कितीही आवडला तरी या कामाला ७५०६ नको. (शिवाय त्याच्या मूळ पॅडचं काळं कातडं काही वर्षांनी सुटतं आणि कानाभोवती तिळासारखं चिकटतं.)

८० ओहम इथे बरोबर मध्यावर पडतो. २५० ओहम रात्रीला आणखी चांगला, पण ॲपलची यूएसबी-सी ते ३.५ मिलिमीटरची छोटी केबल (फोनला जॅक नसेल तर लागते ती) जपून घ्या. युरोपात विकतात तिचा आवाज अर्ध्या व्होल्टवर रोखलेला आहे, बाहेरची एक व्होल्ट देते. हळू ऐकायला अर्धा व्होल्टही उदंड, पण दिवसा हळू रेकॉर्ड झालेली जुनी बैठक ऐकायला बसलात तर कमी पडेल. अँड्रॉइड फोनला लावली तर बऱ्याच वेळा आवाज आणखी पडतो. तो फोन आणि केबल यांच्यातला घोळ आहे, हेडफोनचा दोष नाही.

घरी नॉबवाला अॅम्प असेल तर एक खूण लक्षात ठेवा. नॉब अगदी सुरुवातीला असताना तानपुरा एका कानात सरकला, तर केबल बदलू नका. स्वस्त नॉबमधल्या डाव्या-उजव्या पट्ट्या सुरुवातीला जुळत नाहीत. गेनचं (जोर किती वाढवायचा त्याचं) बटण असेल तर ‘लो’ वर ठेवा, लॅपटॉपमधला आवाज ३० टक्क्यांवर आणा आणि नॉब घड्याळातल्या दहाच्या पुढे न्या. तानपुरा मध्यभागी येतो.

– मी.


प्रेषक: वि., श्टुटगार्ट

दोघांचेही आभार. लॅपटॉपला अॅम्प नाही, सरळ जॅकमध्येच लावणार. मग बास थोडा वाढवून घेतला तर एम४०एक्सवरही भागेल का? आणि बाळ रडलं तर ऐकू येईल ना?

– वि.


प्रेषक: श. काका, हाइलब्रॉन

भागेल. विंडोजवर इक्वलायझर एपीओ हे फुकटचं सॉफ्टवेअर टाका. बसवताना तुमचं हेडफोनचं आउटपुट निवडायला विसरू नका आणि नंतर लॅपटॉप एकदा बंद करून चालू करा. ‘काहीच फरक पडत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी स्पीकरवर खूण केलेली असते. मग एक लो-शेल्फ फिल्टर, म्हणजे ठरावीक सुराखालचं सगळं उचलणारा: १०५ हर्ट्झ, अधिक ५ डेसिबल, क्यू (उताराची तीव्रता) ०.७. आणि प्रीअॅम्प, म्हणजे एकूण आवाजाची पातळी, उणे ५ किंवा ६. हे उणे विसरलात तर समेवर डग्गा जोरात पडला की आवाज फाटतो, आणि दोष हेडफोनला जातो. डीटी ७७० वर हाच फिल्टर अधिक २ च्या वर नेऊ नका, घुमायला लागतो.

फोनवर: आयफोनच्या म्युझिक अॅपमधल्या इक्वलायझरमध्ये ‘लेट नाइट’ नावाची जागा आहे. ती बारीक आवाज वर आणते आणि मोठा दाबते. सिनेमातले संवाद ऐकायला चालेल. ख्यालाला लावू नका. विलंबितातला हळुवार आलाप आणि द्रुतातली तान एकाच उंचीवर येऊन बसतात, मग मैफलीत उरतं काय? विंडोजमधल्या ‘लाउडनेस इक्वलायझेशन’चंही तेच.

हे सगळं पॅड नीट बसले तरच. क्लोज्ड-बॅकचा बास म्हणजे कप आणि कान यांच्यामधली कोंडलेली हवा. केस, कुड्या, चष्म्याची जाड काडी, कुठूनही फट पडली की आधी बास जातो. एकेजीचा के३७१ याबाबतीत फार नाजूक: फट नसेल तर शंभराच्या आसपास इतका समतोल हेडफोन मिळणं कठीण, जाड काडीचा चष्मा असेल तर त्यातलं अर्धं हातून जातं. घरी आला की डग्गा असलेलं काहीतरी लावा आणि दोन्ही कप तळहाताने हलके दाबा. बास एकदम वाढला तर फट आहे. बारीक काडीचा दुसरा चष्मा असेल तर तो रात्रीसाठी राखून ठेवा.

– श.


प्रेषक: मी. ताई, म्युनिक

बाळाचं सांगते. मऊ कुरकुर नक्कीच निसटेल, अगदी हळू आवाजातही. एक कप कानामागे सरकवून ऐका आणि फोनच्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये ‘मोनो’ चालू करा. नाहीतर सरकवलेल्या बाजूला घेतलेला हार्मोनियम किंवा तबला जवळपास नाहीसा होतो. मात्र सरकवलेल्या कपातून आवाज खोलीत जातो, म्हणून तो बाळाच्या उलट्या बाजूचा ठेवा आणि पॅड मानेला टेकवून ठेवा. धुराच्या अलार्मची काळजी नको. तो ३ मीटरवर ८५ डेसिबल असावाच लागतो, असल्या हेडफोनमधून व्यवस्थित ऐकू येतो.

बाहेर किती जातंय हे बघायचं तर हेडफोन टेबलावर ठेवून ऐकू नका, कप उघडे असतात. एकाने डोक्यावर घालायचा, दुसऱ्याने एक मीटरवर बसायचं. रात्रीच्या आवाजात तिथे काही ऐकू येता कामा नये. शेजाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक वेळा हेडफोनच्या नसतातच. इथे जर्मनीत रात्री दहा ते सहा शांतता, आणि आपण लॅमिनेटच्या फरशीवर टाच आपटून झपताल धरतो. खालच्या मजल्याला दहा मात्रा स्पष्ट मोजता येतात. पायाखाली जाड गालिचा घाला, आणि तोंडाने साथ करणं आवरा.

टीव्हीसाठी ब्लूटूथ नको. साध्या एसबीसीवर (ब्लूटूथची आवाज पाठवायची मूळ पद्धत) आवाज सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा मागे राहतो, ओठ आधी हलतात. टीव्हीला हेडफोनचा जॅक नसेल तर ऑप्टिकलमधून ३.५ ची जागा असलेला छोटा डॅक (डिजिटल आवाज हेडफोनला चालेल असा करणारी डबी) घ्या आणि टीव्हीच्या मेन्यूत डिजिटल आवाज ‘पीसीएम’ (साधा, न दाबलेला) वर ठेवा. डॉल्बीवर राहिला तर शांतता किंवा खर्रर्र, आणि लोक डॅक परत पाठवतात.

– मी.


प्रेषक: वि., श्टुटगार्ट

ठरलं. डीटी ७७० चा ८० ओहम वापरलेला मिळतोय, बजेटात बसतो. घ्यायला जाताना काय बघू?

– वि.


प्रेषक: श. काका, हाइलब्रॉन

नव्या पॅडचा खर्च मनात धरूनच भाव करा, कारण चपटलेले पॅड म्हणजे ड्रायव्हर कानाच्या जवळ आणि आवाज आणखी टोकदार. मूळचेच मखमली पॅड घ्या. दुसऱ्या कुणाचे चामड्याचे लावले तर बास बदलतो आणि मग वरचा फिल्टरचा हिशेब लागू पडत नाही. बदलणं सोपं आहे. जुना पॅड कडेला धरून गोल फिरत ओढायचा, त्याच्या ओठासारख्या पातळ कडेतून कप बाहेर येतो. खाली फोमची गोल चकती असते, ती पॅडबरोबर कचऱ्यात जाते, सांभाळा. नव्याची कड एका बाजूने खाचेत बसवायची, तिथे अंगठा दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने दोन्हीकडून थोडं थोडं ताणत पुढे जायचं. शेवटची दोन बोटं जागा हट्टी असते. नखाने सारा, स्क्रूड्रायव्हर लावू नका, कड फाटते.

फोनवर टोन जनरेटर घेऊन जा. हळू आवाजात ३० ते १०० हर्ट्झ सावकाश फिरवा. एका कानात फरफर आली तर घाबरू नका, बहुधा ड्रायव्हरच्या पडद्याला केस टेकलेला असतो. पॅड आणि फोम काढून चिमट्याने अलगद उचलला की आवाज स्वच्छ होतो. पडद्याला बोट लावू नका. केस काढूनही फरफर राहिली तर पडदा गेलेला आहे, घेऊ नका.

मग केबल. डाव्या कपात शिरते तिथे, आणि पिनेच्या मुळाशी, बोटांनी हळूच वाकवून बघा. आवाज तुटला तर भाव अर्धा करा किंवा सोडून द्या. नवी केबल टाकायची तर कप उघडून सोल्डरिंग करावं लागतं.

– श.