डीलरशिपवर ईव्ही चार्जर : आधी लोड तपासा

कार डीलरशिपवर ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांसाठी, चार्जर कसे लावावेत या चर्चेत एकांनी शोरूमच्या दर्शनी भागात ६० किलोवॅटचे दोन डीसी (जलद) चार्जर लावायचं सुचवलंय. माझं मत वेगळं आहे. त्यातला एक चार्जर पूर्ण क्षमतेने चालला तर ४१५ व्होल्टवर फेजला साधारण ९० अँपिअर ओढतो. वर्कशॉपचा कॉम्प्रेसर, पेंट बूथ, शोरूमचे एअर कंडिशनर हे आधीच त्याच मीटरवर आहेत. त्यामुळे चार्जरचं कोटेशन मागवण्याआधी वर्षभराची वीजबिलं काढा आणि मंजूर भार (वीज कंपनीने मंजूर केलेली कमाल मर्यादा) व सर्वाधिक मागणी (प्रत्यक्षात एका वेळी ओढलेली सर्वांत जास्त वीज) यांत किती अंतर उरतं ते बघा. महावितरणकडे ईव्ही चार्जिंगसाठी वेगळा दरवर्ग आहे, स्वतंत्र जोडणीचा विचार जरूर करा.

शिवाय डीलरच्या बहुतेक गाड्यांना घाई नसतेच. यार्डात उभी गाडी उद्या डिलिव्हरीला जायची असते. ४० युनिटची बॅटरी ७.४ किलोवॅटच्या एसी (सावकाश) चार्जरवर सहाएक तासांत, म्हणजे रात्रीत भरते. असे तीन-चार एसी चार्जर मागे, लोड वाटून देणारी यंत्रणा लावून, आणि सर्व्हिसला थांबलेल्या ग्राहकासाठी एकच डीसी. वॉशिंग बेजवळ मात्र चार्जर नकोच. प्रत्येक एसी चार्जरला स्वतंत्र आरसीडी (करंट गळती झाली की वीज तोडणारं उपकरण) घ्या, अर्थिंग मोजून घ्या.

आणि या कामासाठी पेव्हर ब्लॉक उखडलेच असतील तर पुढच्या केबलसाठी जास्तीचे दोन रिकामे पाइप तेव्हाच टाकून ठेवा. पाइप स्वस्त आहे, पुन्हा खोदाई महाग पडते.