मदत हवी आहे: कुत्रीच्या बाळंतपणाच्या पेटीत पिल्लांच्या खुब्यांसाठी तळाला काय अंथरावे?

नमस्कार. आमची लॅब्राडॉर कुत्री डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात विणार आहे. एक्स-रेमध्ये सात पिल्ले दिसली असून तिची तब्येत उत्तम असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. तिच्या आणि नराच्या खुब्यांचे एक्स-रे आम्ही जोडी ठरवण्यापूर्वीच तपासून घेतले होते, कारण हिप डिस्प्लेजियाचा, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न घडता सैल राहण्याच्या विकाराचा, मोठा भाग आनुवंशिक असतो. मात्र वाढीचा वेग, वजन आणि पायाखालची जमीन यांचाही त्यात वाटा असतो, आणि यांतल्या जमिनीबद्दल मला अनुभवी लोकांचा सल्ला हवा आहे.

आम्ही कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरभर गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी आहे. तिच्यावर पूर्ण वाढलेली कुत्रीसुद्धा वळताना घसरते. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून प्लायवूड आणून चार फूट लांब व तेवढीच रुंद पेटी सुताराकडून करून घेतली आहे. आत चारही बाजूंना तळापासून सुमारे चार इंचांवर दांडा बसवला आहे, जेणेकरून आई भिंतीला टेकून आडवी झाली तरी मागे अडकलेले पिल्लू चेंगरणार नाही. तळ मात्र अजून मोकळा आहे.

माझी काळजी अशी आहे. जन्मतः पिल्लाच्या खुब्याची उखळी बरीचशी कूर्चेची असते, आणि मांडीच्या हाडाचा गोल माथा तिच्यात नीट बसलेला राहिला, तरच ती पुढे खोल आणि घट्ट घडते. पिल्लू दूध पिताना मागचे पाय रेटून पुढे सरकते. त्या वेळी पायांना आधार मिळाला नाही, तर ते दोन्ही बाजूंना फाकतात. काही पिल्ले तिसऱ्या आठवड्यातही उभी राहू शकत नाहीत, छाती चपटी होऊन बेडकासारखी पसरलेली राहतात, आणि निसरड्या तळावर ही अवस्था आणखी बिघडते. नेदरलँड्समध्ये बॉक्सर जातीच्या कुत्र्यांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही निसरड्या जमिनीवर वाढलेल्या कुत्र्यांमध्ये हिप डिस्प्लेजियाचा त्रास अधिक आढळला होता.

बहुतेक जण वर्तमानपत्रे अंथरायला सांगतात. ती ओल शोषतात हे खरे, पण भिजल्यावर सरकतात आणि त्यांचा लगदा होतो. घरातली जुनी गोधडी ऊबदार आहे. तरीही तिच्या घडीखाली शिरलेले पिल्लू आईला दिसणार नाही आणि सुटलेल्या टाक्यांत नखे अडकतील, म्हणून ती मी बाजूला ठेवली आहे. रविवार पेठेत काथ्याची चटई पाहिली. तिच्यावर पकड उत्तम मिळते, परंतु नवजात पिल्लाच्या उघड्या पोटाला आणि ओल्या नाळेला ती खरखरीत वाटते, शिवाय धुतल्यावर लवकर वाळत नाही. फोमचे एकमेकांत अडकणारे तुकडे विण्यापूर्वी जमीन उकरणाऱ्या कुत्रीपुढे टिकणार नाहीत, आणि त्यांचे लचके पोटात गेले तर वेगळेच संकट उभे राहील. व्हिनाइलचा पत्रा पुसायला सोपा असला, तरी एकटा वापरला तर तो फरशीइतकाच निसरडा आहे.

सध्या माझा विचार असा आहे की तळाला व्हिनाइल, त्यावर बारीक रेघांचे रबर आणि सगळ्यात वर दाट लवेचे फ्लीस घालावे. हे फ्लीस सरकू नये म्हणून कसे बसवावे? पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या भोवती २९ ते ३२ अंश तापमान लागते आणि पुण्यात त्या दिवसांत रात्री चांगलीच थंडी असते, तेव्हा खाली जाड गादी घालावी का? आणि पिल्ले पेटीबाहेर पडू लागली की फरशीचे काय करावे?

प्रतिसाद

नमस्कार ताई. तुम्ही ठरवलेली थरांची रचना योग्य आहे. फक्त गादी घालू नका. मऊ गादीत पाय रुतत असल्यामुळे पिल्लाला रेटा द्यायला घट्ट आधार मिळत नाही, आणि आई बसली की मधे खळगा पडून पिल्ले तिच्याखाली घरंगळतात. ऊब वरून द्यावी, तीही पेटीच्या एकाच अर्ध्या भागात, म्हणजे उकडू लागल्यास पिल्लांना दुसरीकडे सरकता येईल.

फ्लीस बसवण्यासाठी पेटीच्या आतल्या मापापेक्षा किंचित लहान असा पातळ प्लायवूडचा तुकडा कापून घ्या, रबर त्यावर चिकटवा, फ्लीस ताणून त्याच्या खालच्या बाजूला दुमडा आणि ही फळी पेटीत दाबून बसवा. स्टेपलच्या पिना मात्र वापरू नका. असे दोन संच केले, तर एक वाळत असताना दुसरा वापरता येतो. बसवल्यानंतर तळहात दाबून आडवा सरकवून पाहा. हाताबरोबर कापड सरकले, तर पिल्लाच्या पायाखालीही ते सरकणारच. विण्याच्या रात्री मात्र यावर जुन्या चादरी घालून त्या बदलत राहणे सोयीचे पडते. पिल्ले झाल्यावर त्या काढून घ्याव्यात.

पिल्लांची नखे दर आठवड्याला टोकाशी कापा, नाहीतर लवेत अडकून पाय मुरगळतो. वजन रोज करा, पण गुटगुटीत पिल्लू म्हणजे निरोगी पिल्लू असे समजू नका, कारण जड अंगाचा भार त्याच कोवळ्या सांध्यांवर पडतो. अठराव्या-विसाव्या दिवसापर्यंत एखादे पिल्लू पोटाखाली पाय घेत नसेल, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. लवकर सुरू केलेल्या व्यायामाने आणि पाय सैलसर बांधून ठेवण्याच्या उपचाराने अशी बरीच पिल्ले सुधारतात.

चौथ्या आठवड्यापासून पेटीसमोरच्या फरशीवर तेच रेघांचे रबर सलग पसरा. सुट्या सतरंज्यांवर पिल्ले नेमकी कडेला घसरतात. नॉर्वेत चार मोठ्या जातींवर झालेल्या २०१२ च्या अभ्यासात पहिल्या तीन महिन्यांत जिने चढण्याउतरण्याने धोका वाढलेला, तर मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळे हिंडण्याने तो घटलेला दिसला होता. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर आहात, तेव्हा पिल्लांना खाली नेताना उचलूनच न्या. लस पूर्ण होईपर्यंत सार्वजनिक बागेऐवजी ओळखीच्या एखाद्या बंदिस्त अंगणातली मातीच निवडा.