औषध देऊन केलेल्या लघवीच्या तपासणीबद्दल

लघवीत शिसे व पारा वाढलेला आढळल्यामुळे शरीर ‘शुद्ध’ करण्यासाठी चिलेशन (शरीरातील धातूंना बांधून बाहेर काढणाऱ्या औषधाचा उपचार) घ्यावे, असे या चर्चेत आधी सुचवले गेले आहे, म्हणून ही भर. अशी तपासणी बहुधा चिलेशनचेच औषध आधी देऊन केली जाते. निरोगी माणसाच्या शरीरातही अल्प प्रमाणात असलेले धातू त्या औषधाला बांधले जाऊन लघवीवाटे बाहेर पडतात, त्यामुळे आकडा वाढणारच. अहवालात मात्र त्याची तुलना औषध न घेतलेल्यांसाठीच्या मर्यादेशी केलेली असते. ही रुग्णाची दिशाभूल आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिशाची शंका असल्यास शिरेतील रक्ताची तपासणी करावी आणि संपर्काचा स्रोत आधी बंद करावा. लहान मुलांमध्ये औषधाचा विचार साधारणपणे दर डेसिलिटर रक्तात ४५ मायक्रोग्रॅम शिशापासून होतो. ईडीटीए या चिलेशनच्या औषधाच्या कॅल्शियमयुक्त प्रकाराऐवजी नुसते डायसोडियम ईडीटीए शिरेतून दिले गेल्याने २००५ मध्ये अमेरिकेत दोन मुले दगावली. त्या औषधामुळे त्यांच्या रक्तातील कॅल्शियम एकाएकी घसरले होते. यांतल्या एकाला ते स्वमग्नतेसाठी दिले होते, ज्यावर चिलेशनचा उपयोग सिद्धच झालेला नाही. तेव्हा लघवीचा नमुना औषधापूर्वी घेतला की नंतर, हे कृपया डॉक्टरांना विचारून घ्यावे.