प्रतिसाद : तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरासाठी एक तास पुरत नाही

तंजावरचे बृहदीश्वर मंदिर तासाभरात पाहून पुढे मदुराईला निघावे, या सूचनेशी मी सहमत नाही. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेले ग्रॅनाइटचे उत्तुंग विमान, म्हणजे गाभाऱ्यावरील शिखर, पाहून बहुतेक जण परततात. परंतु मराठी वाचकाने प्राकारातील (मंदिराभोवतीच्या आवारातील) नैर्ऋत्येकडील ओवरीपर्यंत अवश्य जावे, कारण तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी भोसले यांच्या कारकिर्दीत, १८०३ साली, भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा प्रदीर्घ मराठी शिलालेख तेथील भिंतींवर कोरला गेला आणि तो आजही तेथे आहे. सुब्रह्मण्याचे (कार्तिकेयाचे) नाजूक कोरीवकामाचे देऊळ नायककालीन, म्हणजे मराठ्यांपूर्वी तंजावरवर राज्य करणाऱ्या नायक राजांच्या काळातील, आहे. तेही चुकवू नये. गाभारा दुपारी बंद असतो, म्हणून सकाळी लवकर जावे. उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणे फार कठीण जाते.